सतारीस छिद्र पाडावें काय?

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घरीं एक वाद उत्पन्न झाला. वाद घरगुती होता आणि त्याचा विषयहि वरवर पाहतां लहान होता; परंतु जसजसा आम्ही त्याचा विचार करूं लागलों तसतसें आमच्या ध्यानांत आलें कीं, हा प्रश्न आमच्या एकट्याच्या घरचा नाहीं. ज्यांच्या माळ्यावर, कपाटांत किंवा भिंतीवरील खुंटीला वडिलांच्या अथवा आजोबांच्या हातचें एखादें वाद्य आहे, अशा पुष्कळ कुटुंबांपुढें तो आज ना उद्यां येणार आहे. म्हणून वाचकांपुढें तो मांडण्याचें आम्ही योजिलें आहे.

आमच्या आजोबांनीं १९३८ सालीं मिरजेहून करवून आणलेली एक सतार आमच्या घरीं आहे. आजोबा वकिली करीत. वादक म्हणून त्यांचें नांव कोणी ऐकलें नसेल, आणि तें ऐकण्याजोगें होतें असा आमचाहि आग्रह नाहीं. परंतु रोज दिवेलागणीनंतर ते अर्धा तास सतार घेऊन बसत, आणि त्या अर्ध्या तासांत घरांतील कोणी मोठ्यानें बोलत नसे. त्यांच्यामागें वडिलांनीं ती जपली. वडिलांस वाजवितां येत नसे. पण पावसाळ्याच्या आरंभीं तारा सैल करणें आणि पावसाळा सरतांच गवसणी उन्हांत घालणें हें काम त्यांनीं कधीं दुसऱ्यास सांगितलें नाहीं. आमच्या पिढीनें नुसती तिची धूळ पुसली. आतां आमची पुतणी ती वाजविते, आणि चांगली वाजविते.

ही मुलगी ज्या वृंदांत वाजविते त्यांत तबला आहे, गिटार आहे, कीबोर्ड आहे आणि ड्रमहि आहेत. कार्यक्रम बहुधा मोकळ्या पटांगणांत होतात. सतारीपुढें मायक्रोफोन ठेवावा तर त्यांत शेजारच्या ड्रमचाच आवाज अधिक शिरतो. सतारीचा आवाज वाढवावा तर ध्वनिक्षेपक शिटी घालूं लागतो. तेव्हां तिचा बेत असा कीं, सतारीच्या घोडीखालीं पिकअप बसवावा आणि भोपळ्यास एक छिद्र पाडून त्यांत वायरचें सॉकेट पक्कें करावें. “काका, सतार वाजविण्यासाठींच असते ना? मग ती लोकांना ऐकूं गेली पाहिजे,” इतकेंच ती म्हणाली. आमच्या बंधूंना हा बेत मुळींच रुचला नाहीं. आमच्या मातोश्रींनीं मात्र रागही केला नाहीं व उपदेशहि केला नाहीं. त्यांनीं एवढेंच विचारलें, “भोक एकदां पाडलें कीं पुन्हां बुजतें का ग?” या प्रश्नास कोणालाच उत्तर देतां येईना, म्हणून निवाडा आम्हांवर सोंपविण्यांत आला.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. यंत्रानें आवाज वाढविणें हेंच मुळीं पाप आहे, असें आमचें मत नाहीं. १८८० सालीं पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांनीं ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणलें, तेव्हां शेवटच्या रांगेंतील प्रेक्षकापर्यंत पद पोंचविण्यास नटाच्या गळ्यावांचून दुसरें साधन नव्हतें. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं पॅरिस येथें प्येर व झाक क्युरी या बंधूंनीं दाखवून दिलें कीं, कांहीं स्फटिकांवर दाब पडला असतां त्यांत वीज उत्पन्न होते. घोडीखालीं बसवावयाचे आजचे पिकअप बहुधा याच तत्त्वावर चालतात. पुढें यंत्रें आलीं आणि त्यांनीं गायनाचें रूपहि पालटलें. ज्याला पल्ला गांठण्यासाठीं गळा ताणावा लागे त्याला हळुवार स्वर लावतां येऊं लागला, आणि चार हातांवर विरून जाणारी मुरकी हजारों श्रोत्यांच्या कानीं पडूं लागली. १९५३ पासून पुण्यांत भरत आलेला सवाई गंधर्व महोत्सव ध्वनिक्षेपकाशिवाय कल्पनेंतहि आणतां येत नाहीं. परंतु हेंहि लक्षांत ठेवावें कीं, मैफलींत मायक्रोफोन तंबोऱ्याच्या पुढें उभा असतो. त्याच्या अंगांत शिरत नाहीं. यंत्राला आमचा विरोध नाहीं. आम्हांस प्रश्न पडला तो एवढाच कीं, जुन्या वाद्याच्या देहाचा छेद करून जें मिळवावयाचें तें काय आहे, आणि त्यासाठीं जें द्यावयाचें तें काय आहे?

हें समजण्यासाठीं सतारीचा नाद कसा निघतो तें थोडें पाहिलें पाहिजे. सतारीची घोडी व्हायोलिनच्या घोडीसारखी उभी व अरुंद कडेची नसते. ती रुंद व पसरट असते, आणि तिचा पृष्ठभाग कानशीनें घांसून किंचित् उतरता केलेला असतो. तार छेडली म्हणजे ती या उताराला क्षणोक्षणीं स्पर्श करते व सुटते, आणि या स्पर्शांतूनच तो रुंजी घालणारा झंकार निघतो, ज्याला आपण जवारी म्हणतों. पदार्थविज्ञानाचा असा एक नियम आहे कीं, तार जेथें छेडावी त्या जागीं ज्या उपस्वराचा स्थिरबिंदु असेल तो उपस्वर नादांत उमटूं नये. चंद्रशेखर वेंकट रामन् यांनीं १९२१ सालीं भारतीय तंतुवाद्यांविषयीं एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. त्यांत त्यांनीं दाखविलें कीं, तंबोरा व वीणा या वाद्यांत हा नियम चालत नाहीं. जे उपस्वर उमटूं नयेत तेहि स्पष्ट ऐकूं येतात, आणि याचें कारण त्या वाद्यांची विशिष्ट घडणीची घोडी हेंच होय. सतारीची घोडी त्याच कुळांतली. आमच्या कारागिरांनीं नियमाचें पुस्तक वाचलें नव्हतें. त्यांनीं तो कानशीनें आणि कानानें ओलांडला होता.

परंतु घोडी हा नादाच्या प्रवासाचा केवळ आरंभ होय. तिचा कंप तबलींत उतरतो, तबली भोपळ्यांतील हवेला हालविते, खालच्या तरफा आपापल्या स्वराला जाग्या होतात, आणि हें सर्व खोलींतील हवेंत मिसळून आपल्या कानीं येतें. जुन्या सतारीचें जुनेपण नादांत कोठें असेलच तर तें या उत्तरार्धांत असावें. ऐंशी-नव्वद पावसाळे पाहिलेल्या तुणाच्या लाकडांत, भोपळ्याच्या सुकलेल्या कवचांत आणि कारागिरानें तबलीची जाडी जेथें जशी ठेवली असेल त्यांत.

पिकअपचें काम याहून अगदीं वेगळें आहे. घोडीच्या पायाखालीं जो दाब कमीजास्त होतो त्याचें तो विजेंत रूपांतर करतो; हवेंत काय घडलें याचा त्याला पत्ता नसतो. तबलीचा थोडाबहुत परिणाम घोडीवरहि होतो हें खरें. पण भोपळ्याचा घुमारा त्याच्यापर्यंत फारसा येत नाहीं, आणि तरफांची घोडी निराळी व लहान असल्यामुळें त्यांचा झंकारहि त्याच्याकडे क्षीण होऊनच पोंचतो. दुसऱ्या जातीचा, म्हणजे लोहचुंबकाचा पिकअप घ्यावा तर तो पोलादी तारेलाच ओळखतो. पितळेच्या व काशाच्या तारा त्याच्या लेखीं मुक्याच. अर्थात् पिकअपचा जो दोष तोच त्याचा गुणहि आहे. हवेंतलें त्याला कळत नाहीं म्हणूनच शेजारच्या ड्रमचा त्याला उपद्रव होत नाहीं, आणि शिटीहि सहसा वाजत नाहीं. पटांगणांत तो उपयोगी पडतो याचें कारण हेंच. पण मग त्यांतून असा विलक्षण निष्कर्ष निघतो कीं, ज्या गुणासाठीं जुनी सतार हवी, नेमका तोच गुण पिकअप वाटेंत टाकून देतो.

या मतावर आक्षेप पुष्कळ घेतां येतील, आणि त्यांतील सर्वांत बळकट आक्षेप आम्हीच मांडतों. जगांतील सर्वांत प्रसिद्ध जुनीं वाद्यें म्हणजे इटलींतील क्रेमोना गांवच्या आंतोनिओ स्त्रादिवारीचीं व्हायोलिनें. हा कारागीर १७३७ सालीं वारला. त्याच्या काळीं तीं दिवाणखान्यांत व देवळांत वाजत. पुढें अठरावें शतक संपतां संपतां मोठालीं संगीतगृहें झालीं, वाद्यवृंद वाढले, सुरांची पट्टी चढली, आणि जुन्या व्हायोलिनांचा आवाज अपुरा पडूं लागला. तेव्हां तत्कालीन कारागिरांनीं निःशंकपणें तीं उघडलीं. मूळच्या माना काढून किंवा वाढवून अधिक लांब व मागें कललेल्या माना बसविल्या. पोटांतील पट्टी काढून अधिक जाड पट्टी घातली. तारांचा ताण वाढविला. स्त्रादिवारीचें असें न बदललेलें वाद्य आज जवळजवळ आढळत नाहीं. फ्लॉरेन्सच्या संग्रहालयांतील १६९० सालच्या एका मोठ्या व्हायोलासारखीं उदाहरणें अगदीं विरळा. म्हणजे आज ज्यांना आपण अस्सल म्हणून नमस्कार करतों, तीं वाद्यें आवाज वाढविण्यासाठींच बदललेलीं आहेत. तो बदल झाला नसता तर तीं कदाचित् कपाटांत पडून राहिलीं असतीं. मग मिरजेच्या एका सतारीला एक छिद्र पडलें तर कोणतें आकाश कोसळणार आहे?

या आक्षेपापुढें आम्ही कांहीं दिवस निरुत्तर होतों. पुढें विचार करतां आम्हांस दोन्ही प्रसंगांत तीन भेद दिसले. एक तर, व्हायोलिनांत केलेला बदल लाकडानें स्वतःच अधिक मोठ्यानें बोलावें यासाठीं होता. बोलणारें तेंच पोट, तीच पाठ. फक्त त्यांना अधिक जोर मिळाला. पिकअप बसविल्यानें सतारीचा आवाज तिळभरहि वाढत नाहीं. बोलण्याचें काम तिच्याकडून काढून घेऊन तें एका पेटीकडे सोंपविलें जातें. दुसरें, त्या काळीं त्या कारागिरांपुढें दुसरा मार्ग नव्हता. आज आहे: पुढें मायक्रोफोन ठेवतां येतो, किंवा पटांगणासाठीं निराळें वाद्य करवून घेतां येतें. तिसरें, मान व पट्टी हे वाद्याचे काढण्या-घालण्याजोगे भाग. सतारीच्या खुंट्या, पडदे व घोडी हीं जशीं झिजतात व बदलतात तसेच. घोडीची जवारी तर दर कांहीं महिन्यांनीं पुन्हां काढावीच लागते, आणि त्याबद्दल कोणी हळहळत नाहीं. भोपळा मात्र वेलीवर वाढून सुकलेलें फळ आहे. त्याचें कवच ठिसूळ असतें, आणि त्यास गेलेला तडा सांधतां आला तरी नाहींसा करतां येत नाहीं.

दुसरा आक्षेप पुतणीनें घेतला, आणि तो तिच्या पिढीला शोभणारा होता. अमेरिकेंतील मार्टिन ही गिटारी करणारी जुनी पेढी. ती १८३३ पासून आहे. तिनें १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आपल्या नांवाजलेल्या गिटारींना कारखान्यांतच पिकअप बसवून पाहिले. त्यासाठीं दर्शनी फळीस छिद्रें पाडावीं लागलीं आणि आंतील आधारपट्ट्यांची मांडणीहि बदलावी लागली. त्या गिटारी विजेशिवाय मंद वाजत, आणि विजेवरहि त्यांनीं कोणाचें समाधान केलें नाहीं. थोड्याच वर्षांत त्या बंद झाल्या. पण त्यांतलीच १९५९ सालची एक गिटार कर्ट कोबेन या गायकानें १९९३ सालीं न्यूयॉर्क येथील दूरचित्रवाणीच्या एका गाजलेल्या कार्यक्रमांत वाजविली, आणि ती २०२० सालीं लिलावांत सुमारें ६० लाख डॉलरांस गेली. “मग, काका, छिद्रानें वाद्याची किंमत कमी होते असें कसें म्हणतां?” उत्तर असें कीं, ती किंमत हाताची आहे, छिद्राची नव्हे. किंबहुना त्या गायकाला कारखान्यानें बसविलेले पिकअप पुरेसे वाटले नाहींत. त्यानें ध्वनिछिद्रांत आणखी एक निराळाच पिकअप बसविला होता. यांत आमच्यासारख्यांनीं घेण्याजोगा धडा आहे. लांकूड कापून बसविलेलें यंत्र दहा-वीस वर्षांत जुनाट होतें, त्याच्या जागीं दुसरें येतें, आणि मागें राहतें तें पहिल्याचें भोंक. विजेच्या साधनांचें आयुष्य किती अल्प असतें हें ज्यांच्या घरीं ध्वनिमुद्रणाच्या फिती व त्यांचीं बंद पडलेलीं यंत्रें आहेत, त्यांस सांगावयास नको.

तिसरा आक्षेप आमच्याच मनांत उभा राहिला. जुनें वाद्य खरोखरच अधिक गोड वाजतें काय, कीं तो आपला भाविकपणा? २०१० सालीं अमेरिकेंत इंडियानापोलिस येथें एक प्रयोग झाला. एकवीस व्हायोलिनवादकांना अंधुक खोलींत, डोळ्यांवर काळे चष्मे घालून, तीन नवीं व तीन जुनीं व्हायोलिनें वाजवावयास दिलीं. जुन्यांत स्त्रादिवारीचींहि होतीं. बहुतेकांनीं घरीं नेण्यासाठीं नवें व्हायोलिन पसंत केलें. पुढें पॅरिस येथें व अन्यत्र जे प्रयोग झाले त्यांचाहि कल असाच होता. ज्यांचा आमच्याप्रमाणें जुन्याकडे स्वाभाविक ओढा आहे त्यांनीं हे निष्कर्ष टाळूं नयेत. जुनें म्हणून गोड, हा न्याय टिकत नाहीं.

मग आम्ही सतारीस जपावें तें कशासाठीं? आमचें उत्तर असें कीं, जुनें वाद्य हें नादाचें साधन आहेच, पण तें एक लिखितहि आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास मिरजेंत फरीदसाहेब यांनीं, शिकलगारीचा म्हणजे हत्यारांस धार लावण्याचा व्यवसाय ज्या समाजाचा, त्या समाजांतून पुढें येऊन तंतुवाद्यांच्या कलेचा पाया घातला. हत्याराच्या धारेवर बसलेला हात तबलीच्या जाडीवर बसला. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. पण त्या कलेचा इतिहास सरकारी कागदांत थोडा आणि वाद्यांच्या अंगांतच अधिक लिहिलेला आहे. कोणी किती लांकूड ठेवलें, कोठें पातळ केलें, जोड कसा दिला, हें सांगणारे कारागीर गेले. त्यांच्या सतारी तेवढ्या राहिल्या आहेत.

आणि लिखिताशीं कसें वागावें याचा कित्ता आमच्याच वाङ्मयांत आहे. शके १५०६ मध्यें एकनाथमहाराजांनीं ज्ञानेश्वरीच्या प्रती मिळवून, अपपाठ काढून, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. स्वतः ते एवढे मोठे कवि. पण त्यांनीं त्या ग्रंथांत आपली भर घातली नाहीं, आणि दुसऱ्यानेंहि आपली ओवी त्यांत मिसळूं नये असें बजावून ठेवलें. त्यांना जें स्वतःचें सांगावयाचें होतें तें त्यांनीं भागवतांत, भारुडांत, निराळें सांगितलें. कालच्या ग्रंथावरील धूळ झाडावी, आणि आपलें नवें आपल्या ग्रंथांत लिहावें. सतारीच्या बाबतींतहि थोर वादकांनीं असेंच केलेलें दिसतें. विलायतखाँ (१९२८–२००४) यांना आपल्या गायकी अंगासाठीं निराळी सतार हवी होती. त्यांनीं तारांची योजना बदलली आणि कारागिरांकडून आपल्या मनाजोगतीं वाद्यें घडवून घेतलीं. नव्या वाद्यांतील बदलास आम्ही शोध म्हणूं. जुन्याच्या अंगावर केलेल्या त्याच बदलास तें नांव देववत नाहीं.

तथापि केवळ युक्तिवादानें घरांतील वाद मिटत नसतात. म्हणून आम्ही सतार घेऊन मिरजेस गेलों. सतारमेकर गल्लींतील एका वृद्ध कारागिरानें ती मांडीवर घेतली, तबलीवर बोटाच्या पेरानें चार ठिकाणीं टिचकी मारली आणि बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, “भोक काय साहेब, दहा मिनिटांचं काम. सांगाल तर आत्तां पाडून देतों. पण आधीं एकदां न पाडतां लावून बघा.” त्यानें जवारी काढून दिली आणि मऊ मेणानें पिकअप चिकटविण्याची रीत दाखविली.

घरीं परत येऊन आम्ही एक प्रयोग केला. पुतणीपाशीं शिकतांना घेतलेली एक साधी, नवी सतार होती. दोन्ही सतारींवर, तबलीला घोडीच्या अगदीं लगत, तोच पिकअप आळीपाळीनें मेणानें लावला. ती आंतल्या खोलींत दार लावून बसली. आम्ही सारे बाहेर ध्वनिक्षेपकापुढें. तिनें तोच यमनाचा तुकडा दहा वेळां वाजविला, कधीं एकीवर, कधीं दुसरीवर, आणि प्रत्येकानें आपलें उत्तर कागदावर लिहिलें. उत्तरें नाणें उडवून लिहावीं तशीं निघालीं. आमचींहि. मातोश्रींनीं एकदां मोठ्या खात्रीनें “ही आपली” म्हणून सांगितलें, आणि ती नवी निघाली. त्यानंतर त्या कांहीं बोलल्या नाहींत.

मग आम्ही वायर काढून घेतली, दार उघडलें, मध्यें एक पडदा सोडला, आणि तोच तुकडा पुन्हां वाजविण्यास सांगितलें. यावेळीं शेजारच्या आठ वर्षांच्या मुलानेंहि एकदांसुद्धां चूक केली नाहीं. जुनीवर पहिलाच आघात झाला तेव्हां मातोश्री हळूच “मामंजी” एवढेंच म्हणाल्या. नवी सून म्हणून या घरांत आल्यापासून दिवेलागणीनंतरचा तो अर्धा तास त्यांनीं ऐकलेला होता.

हा प्रयोग शास्त्रीय नव्हे हें आम्ही जाणतों. वाजविणारीला कोणती सतार हातांत आहे तें ठाऊक होतें, आणि जो भेद आम्हांस ऐकूं आला तो जुन्या-नव्याचा नसून उत्तम व साध्या वाद्याचा असेल. पण आमच्या प्रश्नास तेवढें उत्तर पुरेसें होतें. पिकअपमधून जर साधी सतार जुनीइतकीच चांगली वाजते, तर पिकअपसाठीं जुनीस छिद्र पाडण्याचें प्रयोजनच काय? निकाल पुतणीनेंच सांगितला, आम्हांस सांगावा लागला नाहीं: नव्या सतारीस छिद्र पडावें, आणि पटांगणांत ती जावी.

यावरून इतर कुटुंबांसाठीं कांहीं नियम सांगावयाचा झाला तर तो असा. बदल करण्यापूर्वीं पहिला प्रश्न मातोश्रींनीं विचारला तोच विचारावा: हें पुन्हां पूर्ववत् करतां येईल काय? येत असेल तर खुशाल करावें. मेण, चिमटा, लोंबती वायर यांनीं वाद्याची फारशी हानि होत नाहीं. येत नसेल तर दुसरा प्रश्न विचारावा: हेंच काम दुसऱ्या वाद्यानें भागेल काय? आणि तिसरा: जें ऐकविण्यासाठीं हा खटाटोप, तें या मार्गानें ऐकूं जाईल तरी काय? या तिहींतूनहि जो पार पडेल, ज्याचें पोट त्या एकाच वाद्यावर आहे आणि ज्याला दुसरें घेण्याची ऐपत नाहीं, त्यानें छिद्र पाडावें. त्याला दोष देण्याचा अधिकार आम्हां पगारदारांस नाहीं. वाद्यापेक्षां वाजविणारा मोठा, हें आम्ही विसरलेलों नाहीं.

परंतु निकाल लागल्यावर पुतणीनें एक प्रश्न विचारला, आणि त्याचें उत्तर देणें आम्हांस सर्वांत जड गेलें. “मग पणजोबांची सतार पुन्हां गवसणींतच ना?” तिचा रोख बरोबर होता. वडिलांनीं सतार जपली आणि आम्ही तिची धूळ पुसली, पण त्या सर्व वर्षांत ती मुकीच होती. छिद्र पाडणाऱ्यास बोल लावणारे पुष्कळदां तिला खुंटीवर टांगून ठेवणारेच असतात. आणि न वाजणारी सतार ही छिद्र पडलेल्या सतारीहून फार सुखी असते असें म्हणण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. म्हणून असें ठरलें कीं, महिन्यांतून एकदां आमच्याच दिवाणखान्यांत तिची बैठक व्हावी, आणि तेथें मायक्रोफोनहि असूं नये. पुतणीनें एक अट घातली: काकांनीं प्रत्येक बैठकीस हजर राहिलें पाहिजे, आणि त्यांचा फोन आंतल्या खोलींत राहिला पाहिजे.

पहिली बैठक झाली. पंचवीसएक माणसें आलीं होतीं. आरंभीं मागच्या भिंतीपाशीं बसलेल्या एका गृहस्थांनीं ऐकूं येत नाहीं अशी तक्रार केली. तेव्हां पुतणी म्हणाली, “काका, जरा पुढें येऊन बसा ना.” ते पुढें आले, त्यांच्यामागून दुसरेहि सरकले. पंखा बंद करण्यांत आला. अर्धा तास घरांत कोणी मोठ्यानें बोललें नाहीं.